रॉबर्ट प्लांट : लेड झेपेलिन आणि त्यानंतरची ४५ वर्षं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेड झेपेलिन हा इंग्लिश रॉक बँड जेमतेम १२ वर्षं चालला. त्याचा गायक रॉबर्ट प्लांट मात्र त्यानंतर ४५ वर्षं गातोच आहे. तरी त्याच्याबद्दलचे प्रश्न फिरून फिरून त्या १२ वर्षांवरच येतात, त्यामुळे सुरुवात तिथूनच केली आहे. पण माझ्या मते खरी मजा उत्तरार्धात आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

रॉबर्ट प्लांट बँडमध्ये आला कसा?

आधी बोलावणं दुसऱ्यालाच होतं. १९६८ मध्ये 'यार्डबर्ड्स' हा बँड फुटला आणि गिटारिस्ट जिमी पेजच्या हातात बँडचं नाव आणि स्कँडिनेव्हियातले ठरलेले कार्यक्रम एवढंच उरलं. त्याला गायक हवा होता. टेरी रीड या तरुण गायकाला त्यानं विचारलं. रीडनं नकार दिला, पण बर्मिंगहॅमकडच्या एका मुलाचं नाव सुचवलं. तो मुलगा म्हणजे प्लांट.

त्याचा जन्म २० ऑगस्ट १९४८चा, वेस्ट ब्रॉमविचचा. वडील सिव्हिल इंजिनिअर. मुलानं चार्टर्ड अकाउंटंट व्हावं अशी घरच्यांची इच्छा होती. ते शिक्षण त्यानं दोन आठवड्यांत सोडलं. मग घरही सोडलं. रस्त्यावर डांबर टाकायचं काम केलं आणि रात्री मिळेल त्या बँडमध्ये अमेरिकन ब्लूज गायला. १९६६-६७ मध्ये सीबीएस या रेकॉर्ड कंपनीनं त्याची दोन-तीन सिंगल्स काढली, ती कुणी ऐकलीही नाहीत. पेज त्याला ऐकायला गेला तेव्हा तो एका अध्यापक महाविद्यालयातल्या छोट्या कार्यक्रमात गात होता. एवढ्या तयारीचा गायक अजून अनोळखी कसा, यात काहीतरी गोम असणार, अशी शंका पेजला आली म्हणतात.

ड्रमर जॉन बॉनमचं नाव प्लांटनंच पुढे केलं. दोघे एकाच भागातले आणि आधी 'बँड ऑफ जॉय'मध्ये एकत्र वाजवलेले. ही जोडी लक्षात ठेवा, पुढच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तिच्यात आहेत. चौथा जॉन पॉल जोन्स, बेस आणि की-बोर्डवाला, लंडनच्या स्टुडिओंमध्ये मुरलेला. हे चौघे म्हणजेच लेड झेपेलिन.

पहिल्या अल्बमवर गीतकार म्हणून त्याचं नाव का नाही?

सीबीएसबरोबरचा जुना करार आडवा आला. दुसऱ्या अल्बमपासून, म्हणजे ऑक्टोबर १९६९ पासून, त्याचं नाव दिसू लागतं.

त्याच्या गाण्यात एवढं वेगळं काय होतं? नुसता ओरडतो तर.

ही तक्रार जुनी आहे, आणि पहिले दोन अल्बम घाईत ऐकले तर पटण्यासारखीही आहे. आवाज तार सप्तकात जातो आणि तिथून खाली यायचं नावच घेत नाही. पण जरा कान देऊन ऐका. तो गिटारच्या वर बसून गात नाही, गिटारशी भांडत गातो. पेजनं एक ओळ टाकली की प्लांट ती गळ्यातून परत करतो, मग पेज ती आणखी वाकवतो. आपल्याकडच्या सवाल-जवाबाची ज्यांना सवय आहे त्यांना हे लगेच उमगेल. रंगमंचावर तर हा खेळ मिनिटंच्या मिनिटं चालायचा. शब्द संपलेले असायचे, उरायचे ते नुसते हुंकार, आलाप आणि किंकाळ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे तो एका आवाजाचा गायक कधीच नव्हता. तिसरा अल्बम (१९७०) घ्या. पेज आणि प्लांट वेल्समधल्या 'ब्रॉन-इर-आउर' नावाच्या, वीज नसलेल्या एका कॉटेजमध्ये जाऊन राहिले आणि तिथं सुचलेली बरीच गाणी अकूस्टिक गिटारवरची आहेत. तेव्हाच्या समीक्षकांना ते रुचलं नाही. आज मागे वळून पाहिलं की कळतं, पुढे जो लोकसंगीतवेडा प्लांट भेटणार आहे त्याची खूण तिथेच आहे.

लेड झेपेलिननं गाणी चोरली, हे खरं का?

काही बाबतीत, हो. गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. 'होल लॉटा लव्ह'मध्ये प्लांटनं गायलेले शब्द मोठ्या प्रमाणात विली डिक्सननं लिहिलेल्या आणि मडी वॉटर्सनं १९६२ मध्ये गायलेल्या गाण्यातले होते. डिक्सननं १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि गाण्यावर त्याचं नाव आलं. असा हा एकच प्रसंग नव्हे.

बचाव असा केला जातो की ब्लूजमध्ये ओळी एकाकडून दुसऱ्याकडे जातच असतात. ते खरंच आहे. पण शिकागोतला कृष्णवर्णीय गीतकार ओळी उचलतो तेव्हा त्यातून कुणी कोट्यधीश होत नाही. इथं झाले. प्लांटच्या बाजूनं एवढं म्हणता येईल की पुढे तो ज्यांच्याकडून शिकला त्यांची नावं आवर्जून घेऊ लागला. मालीपासून मिसिसिपीपर्यंतची ही यादी त्याच्या मुलाखतींत सतत येते.

'स्टेअरवे टू हेवन' या बँडच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याची गोष्ट वेगळी. त्याची सुरुवात 'स्पिरिट' बँडच्या एका वाद्यरचनेवरून घेतली असा दावा २०१४ मध्ये लागला. २०१६ मध्ये ज्युरीनं लेड झेपेलिनच्या बाजूनं कौल दिला, २०२० मध्ये अपील न्यायालयानं तो कायम ठेवला आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला.

प्लांट मुंबईत आला होता म्हणतात. खरं काय?

खरं आहे. बँडनं भारतात जाहीर कार्यक्रम कधी केला नाही, पण १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन दोन गाण्यांचं ध्वनिमुद्रण केलं : 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स'. दोन्ही गाणी बँडच्या अल्बमवर आधीच आलेली होती. भारतीय वादक ती कशी वाजवतात हे त्यांना पाहायचं होतं.

निवडीत अक्कल होती. 'फोर स्टिक्स' पाच आणि सहा मात्रांच्या हिशेबात फिरतं, रॉकवाल्यांची त्यात दमछाक व्हायची. तबलावाल्याला असल्या हिशेबाचं भय नसतं. अडचण आली असेल तर ती लयीतल्या रॉकच्या धक्क्याची, आकड्यांची नव्हे, हे ते ऐकताना जाणवतं. ध्वनिमुद्रण तेव्हा बाहेर आलंच नाही. चोरट्या प्रतींमधून ते वर्षानुवर्षं फिरत राहिलं आणि अखेर २०१५ मध्ये 'कोडा' या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' या नावासकट अधिकृतपणे आलं.

त्याच मुक्कामात कुलाब्यातल्या 'स्लिप डिस्क' नावाच्या डिस्कोत दोघांनी अचानक वाजवलं. मुंबईतल्या जुन्या रॉकप्रेमींत ही गोष्ट अजून सांगितली जाते. त्या रात्री तिथं होतो म्हणणाऱ्यांची संख्या दरवर्षी वाढते आहे आणि ती खोली काही तेवढी मोठी नव्हती!

'काश्मीर' गाणं काश्मीरवर आहे का?

नाही. शब्द सुचले ते मोरोक्कोच्या दक्षिणेत, वाळवंटातून जाणाऱ्या सरळसोट, न संपणाऱ्या रस्त्यावर, १९७३ मध्ये. ते लिहिलं तेव्हा बँडमधला कुणीही काश्मीरला गेलेला नव्हता. गाण्याची गंमत लयीत आहे : बॉनमचे ड्रम चारच्या चालीत ठाम उभे, आणि वरून गिटार व तंतुवाद्यं तीनच्या गटांत सरकत जातात. दोन्ही समेवर भेटतात तेव्हा अंगावर काटा येतो. 'स्टेअरवे'पेक्षा हेच आपल्या बँडचं खरं गाणं, असं प्लांट अनेकदा म्हणाला आहे. माझंही मत तेच.

१९७५ ते ७७ मध्ये नेमकं काय घडलं?

४ ऑगस्ट १९७५ रोजी ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटावर त्याच्या मोटारीला अपघात झाला. तो आणि त्याची बायको मॉरीन दोघेही गंभीर जखमी झाले. पुढचा अल्बम 'प्रेझेन्स' त्यानं म्युनिकमध्ये चाकाच्या खुर्चीत बसून गायला.

२६ जुलै १९७७ रोजी, अमेरिकेचा दौरा चालू असताना, निरोप आला की पाच वर्षांचा मुलगा कॅरॅक पोटाच्या संसर्गानं गेला. दौरा तिथेच थांबला. बँडच्या गोतावळ्यातून त्याला त्या काळात धरून ठेवलं ते बॉनमनं. गाणं सोडून शिक्षक व्हावं म्हणून प्लांटनं स्टायनर पद्धतीच्या एका अध्यापक महाविद्यालयात अर्जसुद्धा केला होता. तो परतला, १९७८ च्या अखेरीला स्टॉकहोममध्ये शेवटचा अल्बम गायला आणि त्यात मुलासाठी 'ऑल माय लव्ह' आहे. पण १९७७ नंतर रॉकस्टारगिरीवरचा त्याचा जीव उडाला तो उडालाच. पुढचे सगळे नकार समजून घ्यायचे तर हे आधी समजून घ्यावं लागतं.

बँड का संपला?

२५ सप्टेंबर १९८० रोजी जॉन बॉनम पेजच्या घरी झोपेत गेला, अतिमद्यपानामुळे. वय ३२. ४ डिसेंबरला उरलेल्या तिघांनी निवेदन काढलं की आता पूर्वीसारखं पुढे चालू शकत नाही. ड्रमर बदलून दौरे करणारे बँड पुष्कळ आहेत. यांनी तसं केलं नाही.

मग प्लांटनं लगेच काय केलं?

पब गाठले. १९८१ मध्ये 'हनीड्रिपर्स' या नावानं काही मित्र जमवून तो लहान लहान ठिकाणी जुनं रिदम अँड ब्लूज गायला. जाहिरातीत स्वतःचं नाव न मिरवता. त्यानंतर १९८२ मध्ये 'पिक्चर्स ॲट इलेव्हन' हा पहिला स्वतंत्र अल्बम. त्यात ड्रमवर 'जेनेसिस' बँडचा फिल कॉलिन्स होता, बॉनमचा भक्त, स्वतःहून आलेला. १९८३ मध्ये 'द प्रिन्सिपल ऑफ मोमेंट्स' आणि त्यातलं 'बिग लॉग' हे संथ, कोरडं, अंतर राखून गायलेलं गाणं, जे अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये दोन्हीकडे पहिल्या विसात गेलं. गंमत म्हणजे त्या काळातलं त्याचं सर्वांत मोठं यश १९८४ चं 'सी ऑफ लव्ह', एक जुनं प्रेमगीत, अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलेलं. हार्ड रॉकचा बादशहा म्हणून ज्याला ओळखत होते तो लग्नाच्या पार्टीत वाजावं असं गाऊ लागला, म्हणून लोक चक्रावले.

या दौऱ्यांत त्यानं लेड झेपेलिनचं एकही गाणं गायलं नाही. प्रेक्षक ओरडून मागायचे. नाट्यसंगीताच्या मैफलीत एकाच पदाला वन्समोर मागून गायकाला जेरीस आणणारे रसिक आपण पाहिलेत, त्यातलाच प्रकार. १९८८ च्या 'नाऊ अँड झेन'च्या वेळी ही गाठ सुटली. बीस्टी बॉइज या रॅप गटानं लेड झेपेलिनचे तुकडे उचलून वापरले होते. तेव्हा प्लांटनंही 'टॉल कूल वन'मध्ये आपल्याच जुन्या बँडचे तुकडे डकवले, आणि पेजला गिटार वाजवायलाही बोलावलं.

ऐंशीच्या दशकातले त्याचे सगळे अल्बम आज टिकतात असं नाही. सिंथेसायझर आणि इलेक्ट्रॉनिक ड्रमनं 'शेकन अँड स्टर्ड'चं (१९८५) वय फार लवकर वाढवलं. १९९३ चा 'फेट ऑफ नेशन्स' मात्र अजून ताजा आहे. मुलाची आठवण त्यातही आहे, 'आय बिलीव्ह' या गाण्यात.

लाइव्ह एडमधला कार्यक्रम खरंच वाईट होता का?

हो. लाइव्ह एड हा आफ्रिकेतल्या दुष्काळग्रस्तांसाठीचा निधी कार्यक्रम, तिथं उरलेले तिघे पुन्हा एकत्र आले. १३ जुलै १९८५, फिलाडेल्फिया. तालीम अपुरी, प्लांटचा घसा बसलेला, पेजची गिटार बेसूर, ड्रमवर दोन-दोन वादक. नंतर डीव्हीडी निघाली तेव्हा त्यात हा भाग घालायला त्यांनी नकार दिला.

पेज आणि प्लांट पुन्हा एकत्र आले तेव्हा जोन्स कुठं होता?

त्याला बोलावलंच नाही. १९९४ मध्ये एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' मालिकेच्या निमित्तानं दोघं भेटले आणि 'नो क्वार्टर' हा अल्बम झाला. जुनी गाणी मोरोक्कोतले वादक, इजिप्शियन वाद्यवृंद आणि तालवादक होसाम रामझी यांच्यासोबत नव्यानं बांधली होती. 'बॅटल ऑफ एव्हरमोर'मध्ये भारतीय वंशाची ब्रिटिश गायिका नजमा अख्तर प्लांटबरोबर गायली आहे आणि तिनं घेतलेल्या मुरक्यांनी ते गाणं पार दुसऱ्याच गावाला नेलं आहे. मुंबईत २२ वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेला प्रयोग इथं पुरा झाला, असं मला वाटतं.

जोन्सला न बोलावणं हा मात्र कोतेपणा होता. जानेवारी १९९५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या मंचावर जोन्सनं, आपला फोन नंबर अखेर आठवल्याबद्दल मित्रांचे आभार मानले. टोमणा बरोबर बसला.

रॉक गायकाला ब्लूग्रासची गायिका कशी भेटली?

२००४ मध्ये, क्लीव्हलंडमध्ये, ब्लूज-लोकगायक लेड बेलीच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात. ॲलिसन क्राउस ही ब्लूग्रासमधली, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण लोकसंगीतातली, व्हायोलिन वाजवणारी, सुरेल आणि अत्यंत शिस्तीची गायिका. टी बोन बर्नेट या निर्मात्यानं दोघांना नॅशव्हिलच्या वादकांसोबत बसवलं आणि २००७ मध्ये 'रेझिंग सँड' आला.

इथं प्लांटला जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट नीट शिकावी लागली : दुसऱ्या आवाजाला धरून गाणं. लेड झेपेलिनमध्ये तो एकटा गायक. तान मनात येईल तशी घ्यायची, ओळ रोज वेगळी. क्राउस हार्मनीवाली, तिला कालची ओळ आजही तशीच हवी. साठीला टेकलेल्या माणसानं आवाज खाली आणला, श्वास मोजला, आणि अर्ध्या आवाजात गाऊन अख्ख्या कारकिर्दीतलं उत्तम काम केलं. फेब्रुवारी २००९ मध्ये या अल्बमला पाच ग्रॅमी मिळाले, त्यात 'अल्बम ऑफ द इयर'सुद्धा. 'रेकॉर्ड ऑफ द इयर' ठरलेलं 'प्लीज रीड द लेटर' हे मूळचं पेज-प्लांटच्या १९९८ च्या अल्बममधलं. तिथं कुणी त्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं. दोघांचा दुसरा अल्बम 'रेझ द रूफ' २०२१ मध्ये आला. चांगला आहे, पहिल्याची नवलाई नाही.

२००७ मध्ये लेड झेपेलिन पुन्हा उभा राहिला, मग दौरा का केला नाही?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. १० डिसेंबर २००७, लंडनचा ओ-टू अरीना, बँडचे अल्बम काढणाऱ्या अटलांटिक रेकॉर्ड्सचे सहसंस्थापक अहमेट एर्टेगन यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम. ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन. सुमारे वीस हजारांच्या जागेत तिकिटांसाठी दोन कोटी अर्ज आल्याचं सांगितलं गेलं. काही गाण्यांची पट्टी उतरवली होती, ते शहाणपणाचंच होतं. कार्यक्रम अप्रतिम झाला.

बाकी तिघांना पुढे जायचं होतं. जगभरच्या आयोजकांनाही. प्लांट क्राउसबरोबर दौऱ्यावर निघून गेला आणि सप्टेंबर २००८ मध्ये त्यानं निवेदन काढून विषय संपवला. बाकीच्यांनी दुसरे गायक आजमावून पाहिले, पुढे काही झालं नाही.

कारणं तो वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी देतो. मला दिसतात ती अशी. बॉनम नाही, आणि प्लांटसाठी बॉनम हा ड्रमर नंतर, गावचा मित्र आधी. विशीतल्या पोरानं लिहिलेले फुशारकीचे शब्द साठीत रोज रात्री खरे वाटावेत असे गाता येत नाहीत. आणि त्याच वेळी हातात काहीतरी नवं, जिवंत लागलं होतं. पैशासाठी हो म्हणायची त्याला गरज नव्हती. चाहत्यांना हा नकार स्वार्थी वाटतो. मला तो प्रामाणिक वाटतो, पण पेजसाठी वाईटही वाटतं. त्याच्याकडे दुसरं असं घरच नव्हतं.

'स्टेअरवे टू हेवन' तो खरंच कधी गात नाही?

जवळजवळ नाही. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या एका लोकवर्गणीवर चालणाऱ्या रेडिओ केंद्रानं, देणगी द्या म्हणजे हे गाणं पुन्हा लावणार नाही, असं गमतीनं जाहीर केलं. गाडीत ऐकणाऱ्या प्लांटनं फोन करून देणगी दिली. २००७ नंतर त्यानं ते गायलं ते ऑक्टोबर २०२३ मध्ये, ऑक्सफर्डशरमध्ये, कर्करुग्णांसाठीच्या निधी संकलनाच्या कार्यक्रमात. आवाज खाली, घाई नाही. मला तो १९७१ च्या मूळ गाण्याइतकाच आवडतो.

फ्रेडी मर्क्युरीशी त्याचा काही संबंध?

पाचगणीच्या शाळेत शिकलेला, 'क्वीन' या बँडचा गायक फ्रेडी गेल्यावर २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बलीत झालेल्या श्रद्धांजली कार्यक्रमात प्लांट 'क्वीन'बरोबर गायला. 'इन्युएंडो' जमलं नाही, आणि त्याच्याच सांगण्यावरून ते नंतरच्या डीव्हीडीतून वगळलं गेलं.

आता तो काय करतो?

इंग्लंड-वेल्सच्या सीमेलगत राहतो आणि 'सेव्हिंग ग्रेस' या आपल्याच भागातल्या वादकांच्या बँडबरोबर छोट्या नाट्यगृहांत गातो. सोबत गायिका सुझी डायन. २०१९ पासून हे चालू आहे, त्याच नावाचा अल्बम सप्टेंबर २०२५ मध्ये आला. जुनी लोकगीतं, ब्लूज, गॉस्पेल. काही गाण्यांत तो मागे सरकतो आणि डायनला पुढे गाऊ देतो. वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स हा त्याचा लहानपणापासूनचा फुटबॉल क्लब, त्याचा तो मानद उपाध्यक्षही आहे.

नव्यानं ऐकायचं तर कुठून सुरुवात करू?

लेड झेपेलिनचा चौथा अल्बम (१९७१) आणि 'फिजिकल ग्राफिटी' (१९७५) आधी. मग थेट 'रेझिंग सँड'वर उडी मारा. हाच का तो माणूस, असा प्रश्न पडला पाहिजे. त्यानंतर 'माइटी रीअरेंजर' (२००५), ज्यात सहाराकडचा ब्लूज आणि इंग्लिश रॉक एकमेकांत मुरलेत, आणि 'ललबाय अँड… द सीसलेस रोर' (२०१४), ज्यात गाम्बियाचा जुल्देह कमारा एकतारी 'रिती' वाजवतो. मुंबईतलं 'फ्रेंड्स' मूळ 'फ्रेंड्स'च्या पाठोपाठ ऐका. आणि हेडफोन लावा, मोबाइलच्या स्पीकरवर बॉनमचा डग्गा ऐकूच येत नाही.